घासलेटनानांचा डूख

माझे वडील दगड चाटायचे. वाटेने चालता चालता थांबत, एखादा खडा उचलत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि जिभेला लावत. जीभ चिकटली तर त्यात चिकणमाती आहे, नाही चिकटली तर नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण धुळ्याच्या भर बाजारात, डोक्याला फेटा आणि हातात हातोडी असलेला उंच माणूस दगड चाटतो आहे हे पाहून लोक थबकत. कुणी धीर करून विचारलंच तर नाना म्हणत, "जेवणाआधी थोडं मीठ लागतं मला." चेहऱ्यावर हसू नसे.

धुळे आणि साक्री यांच्या मधलं आमचं गाव. तिथला कुणब्याचा पोरगा पुण्यात शिकला, मग कलकत्त्याला भूगर्भशास्त्र शिकला आणि एका विलायती तेल कंपनीत लागला, हे गावाला समजावून सांगणं कठीण होतं. तेल म्हणजे शेंगदाण्याचं, करडईचं, फार तर तिळाचं. जमिनीखालून निघतं ते तेल कसलं? शेवटी कुणीतरी दिव्यातल्या घासलेटाकडे बोट दाखवलं आणि प्रश्न सुटला. नाना तेव्हापासून घासलेटनाना झाले. माझं लग्न अमळनेरला ठरलं तेव्हा सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी, तुमच्या वडिलांच्या घाण्या किती आणि बैल किती, असं विचारलं होतं. नानांनी गंभीरपणे सांगितलं, घाण्या ब्रह्मदेशात आहेत, बैल गोरे आहेत.

नानांची दुसरी एक सवय होती, तिला मात्र कुणी हसत नसे. गावाकडून कुणीही भेटायला आलं की पाणी विचारायच्या आधी नाना विचारत, "आबा कसा आहे? तब्येत बरी आहे ना? जेवतो ना नीट?" ऐकणाऱ्याला वाटावं, किती हा जीव! नानांना खरोखरच आबाच्या तब्येतीची काळजी होती. एका वर्षी आबाला हिवतापाने घेरलं आहे असं कळलं, तर नानांनी ब्रह्मदेशातून कोयनेलच्या गोळ्या पाठवल्या, त्या कशा घ्यायच्या ते नेणाऱ्या माणसाकडून घोकून घेतलं. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. ज्याचं नाव घेतलं की माय गप्प होते, त्याला औषध कशाला, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "तो असा तापाने मेला तर मी काय करू?"

आबा म्हणजे नानांचा थोरला चुलतभाऊ, गावचा पाटील. गाव त्याला मान देई. मी दिला नाही, आता लिहितानाही त्याला अहोजाहो करणार नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा नाना इराणच्या तेलखाणींवर होते. माय आम्हा दोघा भावंडांना घेऊन गावी, एकत्र घरात. युद्धाने टपाल बंद पडलं. आधी एक पावसाळा पत्र नाही, मग दुसरा. त्या काळात आबा एकदा मुंबईला जाऊन आला आणि त्याने चावडीवर सांगितलं की कंपनीच्या माणसाने स्वतः खबर दिली, नाना बसऱ्याला वारला. कोण माणूस, कुठे भेटला, कुणी विचारलं नाही. पाटील सांगतो आहे म्हटल्यावर विचारायचं काय? मायने मात्र ऐकलं नाही. ती एकच वाक्य बोलली, "मन्हा नवरा जित्ता शे." आबाने घरातल्या बायांना खूण केली. त्यांनी तिला पांझरा नदीच्या काठावर नेलं, दगडावर हात धरून बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. दहावा झाला. पुढच्या आठवड्यात आमच्या वाटणीच्या जमिनीवर आबाचा नांगर चालला आणि आम्हाला माहेरची वाट दाखवण्यात आली.

माहेर म्हणजे भुसावळ. मामा रेल्वेत फिटर होते, त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही तिघे जण घुसलो. पोचल्या दिवशीच मायने मामीच्या करंड्यातलं कुंकू घेतलं आणि आरशात बघून लावलं. मामी घाबरली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, दुःखाने डोकं फिरलं आहे बिचारीचं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना, आणि नळावर ती आली की बोलणं थांबे. मायने कुणाशी वाद घातला नाही. रोज सकाळी आंघोळ करून ती कुंकू लावी आणि मामांच्या डब्याला लागे.

नाना जिवंत होते. बसऱ्याच्या इस्पितळात विषमज्वराने महिनोन्महिने पडून होते, मग तिथला कारभार हाती असलेल्या लष्कराने त्यांना घरी सोडेपर्यंत बराच काळ गेला. मुंबईला उतरून ते चाळीसगावमार्गे धुळ्याला आणि तिथून बैलगाडीने थेट गावी आले. वेशीवरची पोरं भूत म्हणून पळाली. आबा पारावर बसला होता. हे सगळं नंतर आम्हाला गावातल्या अनेकांनी सांगितलं आणि प्रत्येकाने ते सारखंच सांगितलं. नाना त्याच्याजवळ गेले, रीतसर वाकून नमस्कार केला, शेजारी बसले आणि विचारलं, "मन्हा दहावाले काय जेवन व्हतं?"

कुणीतरी म्हणालं, वरणबट्टी.

"तूप बरं व्हतं का?" नानांनी विचारलं. आणि उठून ते भुसावळच्या वाटेला लागले.

दारात उभा राहिलेला तो दाढीवाला माणूस मला अंधूक आठवतो. माय रडली नाही. तिने त्यांच्याकडे बघून घेतलं आणि विचारलं, "आबाले भेटीसन उनात का?"

"हो."

"हात उचलला नाहीत ना?"

"नाही," नाना म्हणाले. "मारून काय करायचं? जगू दे त्याला."

मामांनी वकील बघून ठेवला होता. धुळ्याच्या कोर्टात दावा लावला असता तर जमीन सहा महिन्यांत परत मिळाली असती. नानांनी लावला नाही. कोर्टाचा निकाल लागला की भांडण मिटलं असं लोक धरून चालतात, आणि नानांना ते मिटवायचं नव्हतं. "दगडाला घाई नसते. मलाही नाही," असं ते म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आजही एखाद्यावर राग आला की तेच माझ्या तोंडात येतं.

त्यानंतर मात्र नानांनी आम्हाला एक दिवसही मागे ठेवलं नाही. कंपनी म्हणे, खाणीवर कुटुंब आणू नका. नाना म्हणत, मग मलाही आणू नका. इरावतीच्या काठी, आसामच्या जंगलात, पुन्हा एकदा इराणात, जिथे नाना तिथे आम्ही. माय सगळीकडे आपलं जातं घेऊन गेली. रंगूनच्या धक्क्यावर हमालाने ते उचलताना शिव्या घातल्या, तर नाना त्याला म्हणाले, हा आमच्याकडचा दगड आहे, याच्याखाली तेल सापडत नाही, म्हणून आम्हाला इतक्या लांब यावं लागतं. साहेबांच्या बंगल्यांत पियानो वाजे आणि आमच्याकडे पहाटे जातं घरघरे. कळण्याच्या भाकरीसाठी लागणारी ज्वारी आणि उडीद कुठून मिळवत, नानांनाच ठाऊक. दिवसभर उन्हात डोंगर तुडवून आलेला हा माणूस संध्याकाळी माझ्या केसांतल्या जटा सोडवत बसे. मायला केस ओढायची घाई, नानांना नव्हती. शेवटच्या जटेपर्यंत ते मला नद्यांची नावं म्हणायला लावत आणि धाकट्या भावाला पाठीवर घोडा घोडा करत. नोकरीत त्यांना गोऱ्यांच्या निम्मा पगार आणि त्यांच्या दुप्पट काम होतं, त्याबद्दल ते कधी चडफडले नाहीत. आपला सगळा राग त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

दर रजेत आम्ही धुळ्याला येत असू. तिथे नानांनी घर घेतलं होतं. पण रजेतले बरेच दिवस ते हातोडी आणि पिशवी घेऊन गावाच्या शिवारात भटकत. आबाच्या बांधावरून चालत, त्याला रामराम घालत, दगड चाटत पुढे जात. आमच्याकडच्या जमिनीत काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत, काही जमिनीवर डोकं काढतात, काही आतल्या आत कोसभर जातात. नाना त्यांना शिरा म्हणत. अशी एक शीर गावच्या शिवारातून आडवी गेली होती. तिच्या वरच्या अंगाला उताराची खडकाळ, कुणी फुकट घेणार नाही अशी जमीन. खालच्या अंगाला काळी कसदार जमीन आणि ती सगळी आबाची, आमची गिळलेली धरून.

निवृत्त झाल्यावर नानांनी वरच्या अंगाची खडकाळ जमीन विकत घेतली आणि तिथे एक घर बांधलं. गाव हसलं. परदेशात राहून घासलेटनानाला माती ओळखता येईना, असं आबा पारावर म्हणाला. नानांनी शिरेला लागून वरच्या बाजूला एक जागा दाखवली आणि विहीर खणायला लावली. पाणी इतकं लागलं की गडी औतं सोडून बघायला आले. कारण साधं होतं. डोंगराकडून जमिनीखालून येणारं पाणी त्या काळ्या भिंतीला अडत होतं. मग नानांनी वरच्या अंगाच्या ज्याने विचारलं त्याला जागा दाखवली, एक पै घेतली नाही. बघता बघता तिथे विहिरी झाल्या, मिरची आणि कांदा डोलू लागला.

आणि आबाची विहीर आटायला लागली.

भिंतीच्या वरून, फटींतून थोडं पाणी आजवर खाली झिरपत होतं. वर विहिरी झाल्यावर ते बंद झालं. नानांना हे आधीपासून माहीत होतं का? होतं. मी त्यांना विचारलं आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं की पहिल्याच रजेत, पहिल्याच फेरीत त्यांच्या ते लक्षात आलं होतं. जमीन विकत घेण्याइतके पैसे साठेपर्यंत ते थांबले, एवढंच.

आबाने पानाड्या आणला. तो हातावर नारळ ठेवून वावरभर फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. तिथे खणलं, काळा कोरडा दगड. दुसरीकडे खणलं, तोच दगड. नाना बांधाच्या आमच्या बाजूला छत्री उघडून खुर्चीवर बसत आणि सगळं बघत. एखादा सुरुंग उडाला की टाळी वाजवत नसत, पण पायावर पाय टाकून बसत. माझा नवरा एकदा म्हणाला, नानांच्या या वयात हे बरं दिसत नाही. मायने त्याला ताटात वाढता वाढता सांगितलं की बरं दिसावं म्हणून कुणी बसलेलं नाही.

आबाकडची माणसं आमच्या विहिरीवर पाण्याला येत. त्यांना, त्यांच्या गुरांना कधी अडवलं गेलं नाही. नानांचं म्हणणं एकच, वावराला पाणी हवं असेल तर आबाने स्वतः यावं. येणाऱ्यांत आबाची धाकटी सून भागा असे. तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. पदरात एक मुलगी. विहिरीवर हंडा भरताना ती मायशी बोले. हळूहळू कळलं की आबा तिला माहेरी धाडायच्या गोष्टी करतो आहे, घरात खाणारी तोंडं जास्त झाली म्हणतो आहे. माय ऐकून घेई. त्या दिवसांत तिचं जेवण कमी झालं होतं, एवढं मला आठवतं.

दोन हंगाम कोरडे गेल्यावर आबा आला. मी तेव्हा माहेरी होते. म्हातारा झाला होता, काठी टेकत वावरातल्या आमच्या घराच्या ओट्यापर्यंत आला आणि उभा राहिला. नाना लगबगीने उठले, त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला, गुडघे दुखतात का विचारलं. आबाने चहाला हात लावला नाही.

"मन्हा वावरमा पानी शे का?" त्याने विचारलं.

"शे," नाना म्हणाले. "एक जागावर शीर तडकेल शे. तठे खंद, पानी लागी."

"कोन जागा?"

"ते मन्हा हातमा नही. तिले इचार."

माय दारात आली. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर पुढे ओढून आत सरकायचं, ही तिची सगळ्या जन्माची रीत. त्याच्याशी ती कधी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी पदर डोक्यावरच होता, पण तोंड उघडं होतं, आणि ती सरळ त्याच्याकडे बघून बोलली. दोन गोष्टी मागितल्या. एक, पारावर सगळ्या गावासमोर सांगायचं की आपण खोटं बोललो. आणि दुसरी, "ज्या पट्टीमा पानी लागी, ती भागाना नाववर करी द्या. मंग जागा ह्या दखाडतीन."

आबा नानांकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, बाईचं बोलणं आहे, पुरुष सांभाळून घेईल. नाना म्हणाले, "ऐकं ना तू?" आबा उठला आणि काठी आपटत निघून गेला.

जमीन मागतील, पैसा मागतील, पायावर डोकं ठेवायला लावतील, अशी माझी कल्पना होती. सुनेच्या नावावर जमीन ही मागणी मला आधी कळलीच नाही. मी मायला विचारलं. ती म्हणाली, माझ्या नावावर एक वाफा असता तर मला त्या घरातून कुणी काढलं नसतं. आबाला यापुढे पाणी हवं असेल तर ते भागाकडे मागावं लागेल. रोज मागावं लागेल. मग मला कळलं की नानांचा डूख मी इतकी वर्षं बघत आले होते, मायचा मला दिसलाच नव्हता.

आबा पुढे बरेच दिवस आला नाही. थोरल्या मुलाने बैलजोडी विकायला काढली आणि बापाशी भांडण केलं, तेव्हा तो वाकला. बाजारच्या दिवशी, पार माणसांनी भरलेला असताना तो उभा राहिला. नाना आणि माय समोर होते, मी मागे. "मी खोटं बोलनू," तो म्हणाला. "नाना मरना अशी खबर माले कोन्ही देयेल नव्हती." बायांच्या घोळक्यात दोन म्हाताऱ्या होत्या, मायचे हात त्या दगडावर धरणाऱ्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. मायने त्यांच्याकडे पुरेसा वेळ बघितलं. मला फार, फार बरं वाटत होतं.

नानांनी आधी फक्त पट्टी कोणती ते सांगितलं, आणि धुळ्याला जाऊन तिचं बक्षीसपत्र भागाच्या नावावर झालं. त्याच संध्याकाळी नानांनी तिला वावरात नेलं, तडकलेल्या शिरेवर उभं केलं आणि तिच्या पायाशी हातोडीने खूण केली. जागा अचूक होती. दगडाच्या बाबतीत नाना शत्रूशीही खोटं बोलत नसत. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी लागलं. आबा पहिल्या पाण्याची घागर घेऊन आमच्याकडे आला. नानांनी ती ओट्यावर ठेवून घेतली, त्याला पानसुपारी दिली, पण पाणी तोंडी लावलं नाही. तो गेल्यावर ते दारातल्या लिंबाला ओतलं. "सौदा झाला," ते म्हणाले. "माफी दिलेली नाही."

पण त्यानंतर नाना बदलले. एवढ्या वर्षांचं काम हातावेगळं झालेल्या माणसासारखे ते रिकामे झाले. गावाकडून कुणी आलं तर पीक कसं आहे विचारत, भागाची मुलगी शाळेत जाते का विचारत. आबाबद्दल विचारेनासे झाले. मी एकदा मुद्दाम म्हणाले, आबाला ऐकू कमी येतं म्हणतात. नाना नातवाला ब्रह्मदेशच्या चिखलाच्या डोंगराची गोष्ट सांगत होते. त्यांनी मान वर केली, "कोण?" म्हणाले, आणि पुन्हा गोष्टीत गेले.

देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात नाना धुळ्याच्या घरी वारले. फुप्फुसं थकली होती. शेवटच्या आठवड्यात त्यांना सगळे आठवत होते. भुसावळचे मामा, आसामातला स्वयंपाकी, बसऱ्याच्या इस्पितळातला शेजारच्या खाटेवरचा शिपाई. मायचा हात त्यांनी सोडला नाही. ती जेवायला उठली तरी विचारत, कुठे गेली? दुपारी, आम्ही सगळे खोलीत असताना, त्यांचा श्वास थांबला.

सुतक फिटल्यावर आबा भेटायला आला. मुलाने त्याला बैलगाडीतून आणलं होतं. ओसरीत सतरंजीवर बसला, बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिला. माय भिंतीशी टेकून बसली होती. आबा माझ्याकडे वळला.

"शेवटला मन्हं नाव लिधं का त्यानी?"

"नही, आबा," मी म्हणाले.

"गाळी दिधी व्हई."

"नही. काहीच नही. तुन्हं नाव एकदाबी उनं नही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी खोटं बोलते आहे का ते शोधत. मी खरं तेच सांगितलं होतं आणि ते सांगताना मला आनंद झाला होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. शिवी ऐकायची तयारी करून आलेला माणूस, शिवीही मिळाली नाही. मुलाने हाताला धरून उठवलं तेव्हा त्याला चप्पल सापडेना.

गाडी वळून दिसेनाशी झाली. माय उठली, सतरंजी झटकली, घडी घातली.

"आत्ते मरी तो," ती म्हणाली.

पावसाळ्याच्या आत भागाचा निरोप आला, आबा वारला. आमच्याकडून कुणी गेलं नाही.